बिबळ्याचा उपद्रव : पिंजरा कीं कठडा ?

रत्नागिरी तालुक्याच्या किनारपट्टींत, विशेषतः मालगुंड, गणपतीपुळें, नेवरें, जाकादेवी या टापूंत, चार शेतकरी एकत्र जमले कीं बोलणें आंब्याच्या भावावरून निघून वाघावर येतें. (आपल्याकडे बिबळ्यास वाघच म्हणतात, पट्टेवाला वाघ या किनाऱ्यावर कोणीं पाहिला असेल तर तो आज्या-पणज्यांनीं.) अमक्याची शेळी नेली, तमक्याच्या पडवींतून कुत्रें उचललें, कातळावरच्या विहिरींत वाघ पडला, अशा वार्ता निघतात, आणि त्यांचा शेवट बहुधा दोन मागण्यांपैकीं एकींत होतो. बंदूक चालविण्याची मोकळीक द्या, ही पहिली. पिंजरा लावून वाघ दूर कोठें तरी नेऊन सोडा, ही दुसरी. मालगुंडास प्राणिसंग्रहालय व्हावयाचें ठरल्यामुळें आतां पिंजरा हाताशींच आला, असें कित्येकांस वाटणें साहजिक आहे.

आमच्या मतें या दोन्ही मागण्या खुद्द शेतकऱ्याच्याच हिताच्या नाहींत. ज्याची दुभती शेळी एका रात्रींत गेली त्यास भूतदयेचा उपदेश करण्याचा आमचा हेतु नाहीं. तसा उपदेश शहरांत बसून करणारे पुष्कळ आहेत. आमचें म्हणणें निव्वळ व्यवहाराचें आहे. हे दोन्ही उपाय पूर्वीं करून पाहिलेले आहेत आणि त्यांचा जमाखर्च आपणांस उपलब्ध आहे. तो पाहून मग काय मागावयाचें तें ठरवावें.

प्रथम बंदुकीचा विचार करूं. इंग्रजी अमलांत वाघ, बिबळे व लांडगे मारणारास सरकारांतून बक्षीस मिळत असे. १८७५ पासून १९२५ पर्यंतच्या पन्नास वर्षांत या देशांत ८० हजारांवर वाघ आणि दीड लाखावर बिबळे मारले गेले, असा इतिहासाच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढ्या संहारानंतर झालें काय ? पट्टेवाल्या वाघास मोठें रान आणि मोठी शिकार लागते. तो या किनाऱ्यावरून नाहींसा झाला. बिबळ्या कुत्र्यावर, कोंबडीवर, वेळप्रसंगीं घुशी-उंदरांवरही गुजराण करतो, तो राहिला. दीड लाख मारूनही जो गांवाच्या कुशींतून हलला नाहीं, तो चारदोन बंदुकांच्या बारांनीं हलेल असें मानण्यास आधार दिसत नाहीं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बिबळ्या पहिल्या अनुसूचींत घातलेला असून त्याची हत्या करणारास तीन ते सात वर्षांची कैद आहे. माणसाच्या जिवास धोकादायक ठरलेलें जनावर मारण्याचा हुकूम देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकास याच कायद्यानें ठेवलेला आहे. २०२५ सालीं पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत लहान मुलांचे बळी गेल्यावर असा एक बिबळ्या मारण्यांत आला. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु तो हुकूम एका विवक्षित जनावरापुरता असतो. शेळी गेली म्हणून दिसेल त्यावर गोळी झाडण्याचा तो परवाना नव्हे.

कायद्याच्या पाठीमागें जें चालतें तें तर बंदुकीहूनही वाईट. फणसाच्या व काजूच्या बागांत डुकरांसाठीं म्हणून तारेचीं फासकीं लावलीं जातात. फासकें डुकर ओळखीत नाहीं. कमरेंत किंवा पंजांत तार रुतलेला बिबळ्या सकाळीं झुडपांत धडपडत असतो, आणि पहिला जो मनुष्य काय आहे तें पाहावयास जातो तो त्याच्या तावडींत सांपडण्याचा संभव असतो. तार तोडून निसटला तर लंगडें झालेलें जनावर रानांतील चपळ शिकार सोडून वाडींतील सोप्या शिकारीकडे वळणार. वीज सोडलेल्या तारेविषयीं लिहावयास नको. ती शेजाऱ्याची गाय आणि प्रसंगीं शेजारीही मारते.

आतां पिंजऱ्याकडे वळूं. हा उपाय दिसावयास सौम्य, सरकारासही सोईचा आणि गांवकऱ्यांचें समाधान तत्काळ करणारा. पुणें जिल्ह्याच्या जुन्नर भागांत त्याचा मोठा प्रयोग होऊन गेला. धरणें झालीं, पाणी आलें, पाण्याबरोबर ऊंस आला, आणि उसाच्या दाट फडांत बिबळ्यांनीं संसार थाटले. तक्रारी वाढल्या तेव्हां २००१ च्या सुमारास बिबळे धरून दूरच्या रानांत सोडण्याचें काम धडाक्यानें सुरू झालें. धरलेलें जनावर सरासरीनें सुमारें ४० किलोमीटर दूर नेऊन सोडीत. डॉ. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं पुढें या सर्व प्रकाराचा हिशेब मांडून तो २०११ सालीं प्रसिद्ध केला. मोहिमेपूर्वींच्या आठ वर्षांत त्या भागांत माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. हल्ल्यांतील प्राणघातक हल्ल्यांचें प्रमाणही सुमारें दुप्पट झालें. जेथें नेऊन सोडले त्या रानांच्या आसपासही माणसांवर हल्ले झाले.

असें कां व्हावें, हें शेतकऱ्यास समजावयास कठीण नाहीं. आपला बैल नव्या गांवीं विकला तरी पहिले चार दिवस तो दावें तोडून जुन्या वाटेस लागतो. बिबळ्या आपल्या टापूंतील प्रत्येक पाखाडी, वहाळ, गडगा व कुत्र्याची बसण्याची जागा ओळखून असतो. माणूस केव्हां उठतो, केव्हां निजतो, कोणती वाट टाळावी, हें त्यास ठाऊक असतें. त्याच ज्ञानाच्या जोरावर तो माणसाच्या दृष्टीस न पडतां राहतो. असें जनावर पिंजऱ्यांत चारआठ दिवस माणसांच्या गर्दींत डांबून, घाबरवून, मग अनोळखी मुलखांत सोडलें म्हणजे तें भुकेलें, चिडलेलें व वाट चुकलेलें असतें. बरें, जेथून नेलें तेथील जागा मोकळी राहते काय ? नाहीं. ती दुसरा बिबळ्या घेतो, आणि तो पुष्कळदां तरणा, नवशिका असतो. राज्यांत बिबळे कमी आहेत असें नव्हे. सरकारी गणनेचा अंदाज महाराष्ट्रापुरता २०१८ सालीं १,६९० होता, तो २०२२ सालीं १,९८५ झाला. रिकाम्या झालेल्या जागेस उमेदवार पुष्कळ आहेत.

२००९ सालीं नगर जिल्ह्यांत टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींतून काढलेल्या एका वयस्क बिबळ्याच्या गळ्यांत यंत्राचा पट्टा बांधून त्यास माळशेज घाटांत सोडलें होतें. त्यास सर्वजण ‘आजोबा’ म्हणत. हे आजोबा हमरस्ते ओलांडून, गांवांच्या कडेकडेनें महिनाभरांत सुमारें सव्वाशें किलोमीटर चालून मुंबईच्या बोरिवलीच्या रानांत दाखल झाले. वाटेंत त्यांनीं कोणाही माणसास इजा केली नाहीं. २०११ सालीं रस्त्यावर मोटारीची धडक बसून ते मेले. पुढें त्यांच्यावर एक मराठी बोलपटही निघाला. आम्हांस यांतून घ्यावयाचें तें इतकेंच कीं, बिबळ्यास घाटापलीकडे सोडलें म्हणजे तो घाटापलीकडे राहतो हा समज सोडून द्यावा.

तर मग बिबळ्या गांवांत येतो कशासाठीं ? या प्रश्नाचें उत्तर अकोलें तालुक्यांत झालेल्या अभ्यासांत जितकें स्पष्ट मिळतें तितकें दुसरीकडे कोठें आमच्या पाहण्यांत नाहीं. तेथें शेतीच्या मुलखांत, चौरस किलोमीटरला तीनशेंहून अधिक माणसांच्या वस्तींत, शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ पांच मोठे बिबळे राहत असल्याचें आढळलें. त्यांची विष्ठा गोळा करून ते काय खातात तें तपासलें, तेव्हां त्यांच्या अन्नाचा वजनानें ८७ टक्के भाग पाळीव व गांवठी जनावरांचा भरला. एकट्या कुत्र्यांचा वांटा ३९ टक्के, आणि शेळ्यांचा अवघा ११ टक्के. आणि मौज अशी कीं, त्या भागांत शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या ! शेळी काय बिबळ्यास कडू लागते ? तसें नव्हे. शेळी दिवसा राखणाऱ्याच्या नजरेखालीं चरते आणि रात्रीं कोंडली जाते; कुत्रें रात्रभर मोकळें हिंडतें. म्हणजे बिबळ्यानें काय खावें हें बिबळ्या ठरवीत नाहीं, आपल्या दाराची कडी ठरविते.

ही गोष्ट बिबळ्यापुरतीच नाहीं. अस्वलाचें उदाहरण घेऊं. आपल्या किनाऱ्यावर अस्वल नाहीं, परंतु सिंधुदुर्गांत आंबोली-तिलारीच्या रानांत आहे आणि विदर्भांत तर पुष्कळ आहे. अस्वलाची नजर अधू, नाक तीक्ष्ण. वारूळ उकरण्यांत किंवा मोहाचीं फुलें वेंचण्यांत तें गढून गेलेलें असतें आणि मनुष्य अगदीं जवळ आल्यावाचून त्याच्या ध्यानांत येत नाहीं; मग पळण्याऐवजीं तें अंगावर येतें. लगतच्या मध्य प्रदेशांत एप्रिल १९८९ पासून पांच वर्षांत अस्वलानें माणसांवर केलेल्या ७३५ हल्ल्यांची नोंद झाली, त्यांत ४८ माणसें दगावलीं. मोहफुलें वेंचावयास पहांटेच्या अंधारांत एकट्यानें न जातां उजाडल्यावर, दोघां-चौघांनीं मिळून, मोठ्यानें बोलत जावें, हा तेथला सर्वांत स्वस्त व सर्वांत गुणकारी उपाय आहे. त्यास बंदूकही लागत नाहीं आणि पिंजराही लागत नाहीं.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील योसेमिटी नांवाच्या राखीव वनांत याहून मोठा धडा मिळतो. एके काळीं तेथें प्रवाशांची करमणूक म्हणून उकिरड्यांवर अस्वलें जमवीत. चटावलेलीं अस्वलें पुढें मोटारींचीं दारें फोडूं लागलीं. १९९८ सालीं अशा दीड हजारांहून अधिक घटना घडल्या. मग प्रत्येक मुक्कामाच्या जागीं खाद्यपदार्थांसाठीं लोखंडी पेट्या ठेवल्या, अस्वलास न उघडणारीं कचऱ्याचीं पिंपें बसविलीं, आणि अन्न उघडें टाकणाऱ्या प्रवाशास दंड करूं लागले. पुढें या घटना नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झाल्या. रान तेंच, अस्वलें तींच. फक्त अन्नास झांकण बसलें.

आतां गणपतीपुळें ते मालगुंड हा रस्ता डोळ्यांपुढें आणा. सुट्टीच्या दिवसांत यात्रेकरूंची रीघ लागते. खाणावळींचें उष्टें, मासळीचीं डोकीं, कोंबडीच्या दुकानांतील आंतडीं हीं काळोख पडल्यावर कोठें जातात ? वळणावरच्या वहाळांत. त्यावर कुत्र्यांचे कळप पोसले जातात, आणि कुत्र्यांवर बिबळ्या. ज्या गांवांत कचऱ्याचा खड्डा उघडा आहे त्या गांवानें बिबळ्याविरुद्ध अर्ज करावा, ही स्वतः जेवणाचें आमंत्रण देऊन पाहुण्याची तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे. कुत्र्यांस मारावें असें आम्ही म्हणत नाहीं; त्यांचें खाद्य बंद झालें व नसबंदीचें काम नेमानें चाललें म्हणजे त्यांची संख्या आपोआप आटोक्यांत येते. खाणावळवाल्यांकडून उष्ट्याची व्यवस्था करून घेणें हें ग्रामपंचायतीचें काम आहे, आणि ग्रामपंचायतींत बसणारे आपणच आहों.

घरच्या कुत्र्याविषयीं एक गोष्ट मात्र प्रत्येकानें आजच करावी. माकडांसाठीं व चोरांसाठीं बागेंत कुत्रें बांधून ठेवण्याची चाल आहे. रात्रीं उघड्यावर साखळीस बांधलेलें कुत्रें म्हणजे बिबळ्यास वाढलेलें पान होय; बिचाऱ्यास पळतांही येत नाहीं. तें रात्रीं मांगरांत किंवा पडवीच्या बंद भागांत घ्यावें. शेळ्यांच्या गोठ्यास नुसता कूड पुरत नाहीं. बिबळ्या दारानें येतो त्यापेक्षां कौलें सरकवून किंवा भिंत व वासे यांमधील मोकळ्या जागेंतून अधिक येतो. एकदां आंत शिरला कीं, कोंडलेल्या शेळ्यांच्या धांवपळीनें बिथरून एका रात्रींत पांचसात जिवांचा फडशा पाडतो. म्हणून गोठा बंद करावयाचा तर पुरता बंद करावा. भिंतीवरील फट लोखंडी जाळीनें बुजवावी, दारास बाहेरून कडी घालावी. अर्धवट बंद गोठा उघड्या गोठ्याहून वाईट.

सर्वांत अधिक लिहावयाचें तें विहिरींविषयीं. आपल्या कातळावर कलमांस पाणी घालण्यासाठीं ठिकठिकाणीं विहिरी खोदलेल्या आहेत. कलमें मोठीं झालीं, विहिरी तशाच राहिल्या. कित्येकींस कठडा नाहीं, कित्येकींचा पडला आहे. पावसांत गवत वाढलें म्हणजे विहिरीचें तोंड व जमीन एकच दिसतें. रात्रीं कुत्र्या-मांजरामागें धांवणारा बिबळ्या त्यांत कोसळतो. सकाळीं ओरड होते, आठ गांवचे लोक जमतात, मुलें कठड्यावर चढतात (कठडा असलाच तर), जो तो तसबीर काढतो, आणि रात्रभर पोहून दमलेल्या, भेदरलेल्या जनावरास वर आल्याबरोबर भोंवतालीं माणसांची भिंत दिसते. मग त्यानें कोणास पंजा मारला तर नवल काय ? खरें पाहतां पडलेल्या बिबळ्यास बुडण्यापासून वांचविण्यास फारसें कांहीं लागत नाहीं. एखादी बाज किंवा जाड फळी चार दोर बांधून पाण्यावर सोडावी म्हणजे तें वर बसतें. वनखात्यास १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावें. आणि माणसें येईपर्यंत विहिरीपासून दूर राहावें व इतरांसही दूर ठेवावें. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे, हें आम्हांस ठाऊक आहे.

परंतु पडल्यावर काढण्यापेक्षां न पडूं देणें शतपटीनें बरें. जांभ्याचे चिरे आपल्याच खाणींत निघतात. साडेतीन-चार फुटांचा कठडा आणि तोंडावर लोखंडी जाळी, एवढा खर्च बागायतदारास न झेपणारा नाहीं. एका हंगामांत औषधफवारणीवर आपण काय खर्चतों त्याच्याशीं तो ताडून पाहावा. आणि हा कठडा काय बिबळ्यासाठींच ? गवत कापणाऱ्या बायका, राखणीस आलेले नेपाळी गुरखे, शाळेच्या वाटेनें खेळत जाणारीं मुलें, आणि आपलीं स्वतःचीं गुरें यांच्यासाठीं तो पहिला. इतक्या उघड्या विहिरी गांवांत असतांना त्यांत पडलेल्या वाघाची बातमी होते, आणि पडलेल्या वासराची होत नाहीं, एवढाच फरक.

राहतां राहिलें रान. मुंबईस गेलेल्या भाऊबंदांच्या जमिनी ओसाड पडून घराच्या पाठीमागेंच जंगल उभें राहिलें आहे. तेथें डुकरें आलीं, त्यांच्यामागें बिबळ्या आला. सात-बाऱ्यावर वीस नांवें असलेली जमीन साफ कोणीं करावयाची, हा वाद कोर्टांत सुद्धां मिटत नाहीं, तो आम्ही येथें मिटवीत नाहीं. परंतु घराभोंवतालीं, गोठ्याभोंवतालीं आणि मुलांच्या वाटेवर तीसचाळीस फूट झाडोरा काढणें हें भाऊबंदांच्या सह्यांवाचूनही होतें. तिन्हीसांजेनंतर लहान मुलास एकटें अंगणाबाहेर पाठवूं नये. बाहेर जावें लागलें तर बत्ती व सोबत असावी. वांकून किंवा बसून काम करणारा मनुष्य अंधारांत बिबळ्यास लहान जनावरासारखा भासतो, हें ध्यानांत ठेवावें.

एवढें करूनही एखादें जनावर जाईल. तेव्हां मेलेलें जनावर हलवूं नये, त्यांत विष तर मुळींच घालूं नये, आणि वनखात्यास लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा. नुकसानभरपाई हा आपला हक्क आहे आणि ती मागण्यांत कमीपणा नाहीं. कागदपत्रांच्या कटकटीमुळें पुष्कळ शेतकरी दावाच करीत नाहींत, आणि मग तक्रार मात्र वर्षभर करीत राहतात. सहकारी मंडळीनें एका लिहित्या माणसाकडे हें काम सोंपवावें. वानर-माकडांचा उपद्रव हा बागायतदारास बिबळ्याहून अधिक नडतो हें खरें. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तूर्त इतकेंच कीं, धरून दुसऱ्या गांवच्या हद्दींत सोडण्याची युक्ति तेथेंही केवळ शेजाऱ्याच्या माथीं आपलें संकट मारणारी आहे.

‘मी माझ्या विहिरीस कठडा बांधला, पण शेजाऱ्याची उघडीच राहिली तर माझा उपयोग काय ?’ असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. म्हणूनच हें काम एकट्यादुकट्याचें नसून संघाचें आहे. आमची सूचना अशी कीं, मालगुंड व लगतच्या गांवांतील सभासदांनीं शिमग्यानंतर वाडीवार विहिरींची यादी करावी. कठडा असलेल्या, पडका असलेल्या व नसलेल्या अशा तीन रकान्यांत. जाळी संघानें एकत्र खरेदी करावी म्हणजे भाव पडतो. पहिल्यानें शाळेच्या वाटेवरील व पाखाड्यांलगतच्या विहिरी घ्याव्या, मग गोठ्यांजवळच्या, शेवटीं कातळावरच्या. आणि मृग लागण्यापूर्वीं काम उरकावें. यादी करतांना बंद घरांच्या परसांतील विहिरी वगळूं नयेत. त्यांचे मालक मुंबईस असले तरी गणपतींत गांवीं येतातच, आणि वर्गणी तेव्हां मागतां येते. कठडा मात्र त्याआधीं बांधून ठेवावा.